जुन्या हार्नेसचा भरवसा : मोकळ्या जीपगाड्यांतील सुरक्षापट्ट्यांच्या जीर्णतेविषयी काही विचार

१. विषयाची व्याप्ती

मोटारींच्या शर्यतीत चालकाला आसनाशी घट्ट बांधून ठेवण्यासाठी चार, पाच किंवा सहा ठिकाणी जखडलेले रुंद पट्टे वापरतात. त्यांना हार्नेस म्हणतात. नित्याच्या मोटारीतील सीटबेल्ट आणि हा हार्नेस यांचे द्रव्य एकच, म्हणजे कृत्रिम तंतूंची घट्ट विणलेली नवार. परंतु दोहोंची रचना व उपयोगाची रीत भिन्न आहे. शर्यतीच्या नियमांनुसार मुदत संपलेला हार्नेस स्पर्धेत वापरता येत नाही. असे बाद झालेले, पण दिसावयास धडधाकट असलेले हार्नेस हौशी जीपधारकास आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. नव्याच्या मानाने ते स्वस्त पडतात, आणि लष्कराने निकालात काढलेल्या किंवा तत्सम जुन्या जीपमध्ये बहुधा मुळातच कोणताही पट्टा नसतो. असा हार्नेस कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विवेचनासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे तालुके उदाहरणादाखल घेतले आहेत. डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी ही किनारपट्टी आणि तिच्या पूर्वेस तलासरीकडील डोंगराळ, कच्च्या वाटांचा मुलूख यांत अंतर थोडे आहे. त्यामुळे एकाच वाहनाला खारा वारा, वाळू, कडक ऊन, चार महिन्यांचा पाऊस आणि मातीची धूळ या सर्वांना तोंड द्यावे लागते. पट्ट्याच्या द्रव्याला जे जे अपायकारक, ते ते येथे एकत्र आले आहे. शिवाय याच परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वर घडलेल्या एका अपघातामुळे सीटबेल्टचा प्रश्न काही वर्षांपूर्वी सर्व देशापुढे आला.

२. चारोटीचा अपघात

दिनांक ४ सप्टेंबर २०२२ रोजी गुजरातेतील उदवाडा येथून मुंबईकडे येत असलेली एक आधुनिक मोटार डहाणू तालुक्यात चारोटीनजीक सूर्या नदीवरील पुलाच्या कठड्यावर आदळली. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासमवेत मागील आसनावर बसलेले दुसरे गृहस्थ या अपघातात मरण पावले. पुढील आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, परंतु वाचले. मागील दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागील आसनांवरील प्रवाशांनीही पट्टा लावावा, ही तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमात पूर्वीपासून होती, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४-ब कलमान्वये पट्टा न लावणाऱ्यास १,००० रुपये दंडही होता. या अपघातानंतर त्या तरतुदीकडे लोकांचे लक्ष गेले, आणि मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून चालक व सर्व सहप्रवासी यांना पट्टा लावणे बंधनकारक असल्याचे जाहीर केले.

चारोटीच्या घटनेतून निघणारा बोध सर्वपरिचित आहे : पट्टा असून तो न लावणे हे पट्टा नसण्यासारखेच. परंतु याच्या पलीकडचा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. पट्टा लावला, पण तो पट्टा पट्टाच राहिलेला नसेल तर? न लावलेला पट्टा निदान खोटा धीर तरी देत नाही. जीर्ण पट्टा लावून मनुष्य निर्धास्त होतो, आणि एरवी ज्या चढावर वाहन नेण्यास तो धजला नसता, त्या चढावर नेतो.

३. पट्ट्यावर येणारा भार

पट्ट्याचे कार्य देहाला थांबविणे हे असले, तरी किती अंतरात थांबविणे यावर सर्व काही अवलंबून असते. ७० किलोग्रॅम वजनाचा मनुष्य ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता त्याची गतिज ऊर्जा सुमारे ६,७५० जूल असते. वाहनाचा पुढील भाग चेपून आणि पट्टा ताणला जाऊन त्याला थांबण्यास अर्धा मीटर अंतर मिळाले, तर सरासरी बल सुमारे १३,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ १,४०० किलोग्रॅम वजनाइतके होते. तेच अंतर पाव मीटर झाले की बल दुप्पट होते. आधुनिक मोटारीचा पुढील भाग हेतुपुरस्सर चेपणारा केलेला असतो. जुन्या जीपची पोलादी चौकट ताठ असते. म्हणून त्याच वेगाच्या धडकेत जीपमधील पट्ट्याला अधिक भार सोसावा लागतो, ही गोष्ट जीपधारकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

मनुष्यदेह योग्य रीतीने बांधलेला असेल तर बरेच सोसू शकतो, हे अमेरिकेच्या हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी स्वतःवर प्रयोग करून दाखविले. अग्निबाणाने ढकललेल्या घसरगाडीतून ताशी सुमारे १,०१७ किलोमीटर वेगाने जात असता ते अवघ्या १·४ सेकंदांत थांबले. त्या वेळी त्यांच्या देहावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक मंदन क्षणभर आले, तरी ते जिवंत राहिले. पुढे विमानातील उत्क्षेपक आसनांवर काम केलेले स्वीडिश अभियंते निल्स बोलिन यांनी व्होल्व्हो कंपनीत तीन बिंदूंचा सीटबेल्ट सिद्ध केला, आणि १९५९ पासून तो मोटारीत बसू लागला. खांदा, छाती व कटी यांच्या बळकट अस्थींवर भार वाटून देणे, हे त्याचे तत्त्व. हार्नेस हा याच तत्त्वाचा अधिक कडक आविष्कार होय.

हा भार पेलण्यासाठी नव्या नवारीत पुरेशी शिल्लक ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १६ क्रमांकाच्या नियमानुसार सीटबेल्टची नवार १४·७ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १,५०० किलोग्रॅम वजनाइतक्या ताणाखाली तुटता कामा नये. भार छातीवरील व कटीवरील पट्ट्यांत विभागला जात असल्याने ही मर्यादा सामान्य धडकेस पुरून उरते. अशा रीतीने आरंभी मिळालेली शिल्लकच कालांतराने खर्ची पडत असते. जुन्या पट्ट्याचा प्रश्न वस्तुतः या शिलकीचा प्रश्न आहे.

४. नवार कशी जीर्ण होते

सुरक्षापट्ट्यांसाठी नायलॉन व पॉलिएस्टर हे दोन तंतू प्रामुख्याने वापरले गेले. नायलॉन अधिक ताणले जाते. पॉलिएस्टर कमी ताणले जाते आणि म्हणून हार्नेससाठी ते अधिक पसंत केले जाते. दोहोंचे सामर्थ्य त्यांच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्यांत असते. या साखळ्या तुटत गेल्या की तंतूचा आकार, विणीचा घाट व बहुतांशी रंगही तसाच राहतो. बल मात्र घटते.

प्रथम सूर्यप्रकाशाचा विचार करू. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण नायलॉनमधील अमाइड बंधांच्या आसपास साखळी तोडतात. कित्येक वर्षे उन्हात पडलेला नायलॉनचा दोर हातात घेतला असता बोटांना पांढरी भुकटी लागते, ती याचीच खूण. पॉलिएस्टरची कथा अधिक बोधप्रद आहे. ते मुख्यत्वे सुमारे ३१५ नॅनोमीटरहून आखूड लहरींचे किरण शोषते, आणि नेमके हेच किरण खिडकीची साधी काच बव्हंशी अडविते. म्हणून काचेआड पॉलिएस्टर दीर्घकाळ टिकते. ‘पॉलिएस्टरला उन्हाची बाधा नाही’ हा प्रचलित समज बंद मोटारीच्या अनुभवावरून आलेला आहे. छप्पर व दारे काढलेल्या जीपमध्ये ते काचेचे कवच नाहीसे होते, आणि बंद मोटारीवरून काढलेला निष्कर्ष तेथे लागू पडत नाही.

दुसरे कारण ओलावा व रसायने. प्रमाणित हवेत नायलॉन आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी शोषते, तर पॉलिएस्टर केवळ ०·४ टक्के. ओले नायलॉन काहीसे दुर्बळ होते. वाळल्यावर ते बल बव्हंशी परत येते. परंतु बॅटरीतील गंधकाम्लाचा थेंब नायलॉनवर पडला तर होणारी हानी कायमची असते. पॉलिएस्टरचे वैर तीव्र अल्कांशी आहे. म्हणून चिखलाने माखलेला पट्टा कडक धुण्याच्या रसायनाने ‘स्वच्छ’ करण्याची हौस त्याच्या आयुष्यावर उठू शकते. कोमट पाणी व सौम्य साबण एवढेच पुरे.

तिसरे कारण, आणि समुद्रकाठच्या प्रदेशात बहुधा सर्वाधिक दुर्लक्षित, ते वाळू व मिठाचे. वाळूचे कण विणीत शिरून ताणा-बाणा एकमेकांवर घासला जाताना कानशीसारखे काम करतात. खारे पाणी वाळून राहिलेले मिठाचे स्फटिकही तेच करतात, आणि दमट हवेत ओलावा धरून बक्कल, स्प्रिंग व बोल्ट गंजवितात. नवार धडधाकट असूनही बकलाची जीभ अर्धवटच अडकली, तर तो पट्टा निरुपयोगी ठरतो. चिखलाने जड झालेले बक्कल संकटसमयी उघडले नाही, तर हानी उलट दिशेने होते : वाहन ओढ्यात उलटून पडले असता आतील मनुष्य बाहेर पडू शकत नाही.

या क्रियांचा अंदाज उपर्युक्त १६ क्रमांकाच्या नियमातही घेतलेला दिसतो. नवारीचे नमुने प्रकाश, शून्याखाली ३० अंशांची थंडी, ६० अंश सेल्सियसची दमट उष्णता, पाणी व घर्षण यांतून काढून मग तोडून पाहिले जातात, आणि त्यानंतरही विहित बल राहिले पाहिजे असा दंडक आहे. परंतु ही परीक्षा नव्या मालाची होय. दहा-पंधरा वर्षे मोकळ्या जीपमध्ये लोंबकळलेल्या पट्ट्याविषयी ती काहीच सांगत नाही.

५. मुदतीच्या चिठ्ठीचा अर्थ

आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफ.आय.ए.च्या, ८८५३/९८ या मानकानुसार केलेल्या हार्नेसची मान्यता निर्मितीच्या वर्षानंतरच्या पाचव्या वर्षअखेर संपते. अमेरिकेतील एस.एफ.आय.च्या १६·१ या मानकात ही मुदत निर्मितीच्या दिनांकापासून दोनच वर्षांची आहे. एकाच जातीच्या वस्तूस एके ठिकाणी पाच आणि दुसरीकडे दोन वर्षे, यावरून मुदतीचा हा सगळा खटाटोप विक्रेत्यांच्या सोयीचा आहे असा तर्क काही जण करतात. त्यात एक सत्यांश आहे. पाचव्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री नवारीत कोणताही भौतिक बदल घडत नाही. काळोख्या, कोरड्या कपाटात ठेवलेला सहा वर्षांचा हार्नेस उन्हात लोंबत राहिलेल्या दोन वर्षांच्या हार्नेसपेक्षा बळकट असणे अगदी संभवनीय आहे.

तथापि येथे एक तार्किक अडचण आहे, आणि तीच या प्रश्नाचा गाभा होय. नवारीचे उरलेले बल निश्चितपणे जाणण्याचा मार्ग एकच : ती यंत्रावर ताणून तोडणे. ज्या पट्ट्याची परीक्षा घेतली तो वापरता येत नाही, आणि जो वापरावयाचा त्याची अशी परीक्षा घेता येत नाही. डोळ्यांनी केलेली तपासणी वाईट पट्टा ओळखू शकते. चांगला पट्टा सिद्ध करू शकत नाही. अशा स्थितीत पट्ट्याचा इतिहास हाच एक पुरावा उरतो, आणि सेकंडहँड पट्ट्याच्या बाबतीत तो इतिहासच अज्ञात असतो. तो किती काळ उन्हात होता, त्याने एखादी धडक सोसली होती काय, त्यावर काय सांडले, हे विकणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. मुदतीची चिठ्ठी म्हणजे या अज्ञात इतिहासाऐवजी स्वीकारलेला एक सावध अंदाज होय. तिच्यावर टीका करणाऱ्याने त्या अंदाजाच्या जागी दुसरा कोणता पुरावा आपण देतो, हे सांगितले पाहिजे. ‘दिसावयास चांगला आहे’ हा पुरावा नव्हे.

एकदा जबर धडक सोसलेला पट्टा तर मुदत शिल्लक असतानाही टाकून द्यावा लागतो. ताणले जाऊन ऊर्जा शोषणे हे त्याचे काम तो एकदा करून बसलेला असतो. ताणलेले तंतू व उसवू पाहणारी शिवण पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

६. हार्नेस ही सुटी वस्तू नव्हे

येथवर हार्नेसच्या जीर्णतेचा विचार झाला. परंतु अगदी नवा हार्नेसही जीपमध्ये बसविला म्हणजे सुरक्षितता लाभली, असे नाही. शर्यतीच्या मोटारीत हार्नेस, पक्के आसन, पोलादी नळ्यांचा पिंजरा, शिरस्त्राण व मानेचा आधार हे सर्व एकमेकांवर विसंबून असतात. त्यातील एकच अवयव उचलून दुसऱ्या वाहनात बसविला, तर तो नव्या अडचणी निर्माण करू शकतो.

पहिली अडचण छपराची. तीन बिंदूंच्या पट्ट्यात देहाचा वरचा भाग काही प्रमाणात झुकू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ जखडलेला राहतो. कापडी छताची जीप उलटली आणि वर पिंजरा नसला, तर ताठ बसलेल्या मनुष्याचे मस्तकच वाहनाचे छत बनते. आडवाटांवर वेग कमी असला तरी उलटण्याचा धोका अधिक असतो, हे ध्यानात घेता ही अडचण गौण नाही.

दुसरी अडचण खांद्यावरील पट्ट्यांच्या कोनाची. एफ.आय.ए.च्या नियमांत हे पट्टे आसनाच्या पाठीवरून मागे जाताना क्षितिजसमांतर रेषेशी ४५ अंशांहून अधिक खाली उतरू नयेत, आणि शक्यतो १० अंशांच्या आतच असावेत, असे सांगितले आहे. जीपमध्ये मागे बांधावयास आडवी नळी नसल्याने ते सरळ तळपत्र्याला बांधण्याचा मोह होतो. तसे केले असता धडकेच्या वेळी पट्टा खांद्याला मागे न ओढता खाली दाबतो, आणि सर्व भार पाठीच्या कण्यावर येतो. शिवाय गंजलेल्या पातळ तळपत्र्यातून बोल्टच उपटून निघण्याचा संभव वेगळाच.

तिसरी अडचण कटीपट्ट्याची. चार टोकांच्या हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे ताणले गेले की मधले बक्कल वर ओढले जाते व कटीपट्टा अस्थींवरून सरकून मऊ उदरावर येतो. देह पट्ट्याखालून पुढे घसरतो व आतील इंद्रियांस इजा होते. पाचव्या व सहाव्या पट्ट्याची, म्हणजे मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यांची, योजना यासाठीच असते. आणि गैरसोयीचे म्हणून हेच पट्टे प्रथम काढून टाकले जातात.

चौथी अडचण मानेची. खांदे घट्ट धरले जातात, मस्तक मात्र मोकळे राहते. अमेरिकेत १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना येथील शर्यतीत विख्यात चालक डेल अर्नहार्ट यांचा कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने अंत झाला. त्यांच्या कटीपट्ट्याची डावी बाजू तुटलेली आढळली. पट्टा समायोजकाच्या खाचेत एका कोपऱ्यास गोळा होऊन फाटला, असा निष्कर्ष पुढे चौकशी अहवालात नोंदविण्यात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या शर्यतसंस्थेने मस्तक व मान यांचा आधार सक्तीचा केला. तज्ज्ञांच्या देखरेखीखालील वाहनातही पट्ट्याचा कोन व समायोजक यांतील बारकावे असे निर्णायक ठरू शकतात. मग घरच्या घरी ड्रिलयंत्राने बसविलेल्या हार्नेसबद्दल काय म्हणावे?

संघटित स्पर्धांत निदान वाहनांची तपासणी करणारा अधिकारी असतो. मौजेखातर काढलेल्या सहलीत तो नसतो. तेथे वाहनाचा मालक हाच तपासनीस, आणि बहुधा शेजारी बसलेल्या मित्राच्या किंवा मुलाच्या जिवाचा जामीनही तोच.

७. व्यवहारातील निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. ज्या हार्नेसवर निर्मितीची चिठ्ठी नाही, ज्याची मुदत उलटली आहे किंवा ज्याचा पूर्वेतिहास अज्ञात आहे, तो मनुष्याला बांधण्यासाठी वापरू नये. अन्य पट्ट्यांच्या बाबतीत रंग उडणे, पृष्ठभाग खरखरीत किंवा ताठ होणे, कडांचे धागे तुटणे, शिवण सैल होणे, नवार चकाकून वितळल्यासारखी दिसणे, बक्कल एका टिचकीत न लागणे अथवा न सुटणे, यांपैकी एकही लक्षण पट्टा बदलण्यास पुरेसे समजावे. वाहन उभे असताना पट्टे आच्छादनाखाली ठेवावेत, आणि किनाऱ्यावरून आल्यावर ते गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावेत. पिंजरा नसलेल्या जीपमध्ये हार्नेसपेक्षा सुस्थितीतील तीन बिंदूंचा नवा सीटबेल्ट, भक्कम बांधणीबिंदूंवर जाणकाराकडून बसवून घेतलेला, हा अधिक शहाणपणाचा पर्याय होय. सार्वजनिक रस्त्यावर तर वाहनाचा मूळ सीटबेल्ट काढून त्याजागी हार्नेस बसवूच नये.

८. संशोधनाची एक दिशा

आपल्या हवामानात सुरक्षापट्टे कोणत्या गतीने जीर्ण होतात, हा पदव्युत्तर प्रबंधिकेस सर्वथा योग्य असा विषय आहे. त्यास महागडी सामग्री लागत नाही. पुरेशा क्षमतेचे ताणयंत्र, योग्य पकड आणि निवृत्त पट्टे मिळविण्याची चिकाटी, एवढ्यावर तो सिद्ध होऊ शकेल. या अभ्यासाला एक नैसर्गिक सोयही उपलब्ध आहे. प्रत्येक जुन्या पट्ट्याचा काही भाग आसनाखाली, समायोजकात किंवा गुंडाळीच्या आत उजेडापासून झाकलेला असतो, तर उरलेला भाग उघड्यावर असतो. एकाच विणीचे, एकाच वयाचे हे दोन तुकडे शेजारी शेजारी तोडून पाहिले, तर वयाचा परिणाम व उन्हाचा परिणाम हे एकमेकांपासून पुष्कळ अंशी वेगळे करता येतील. मूळ पट्ट्याचे नव्या अवस्थेतील बल ठाऊक नसण्याची अडचणही त्यामुळे अंशतः दूर होते.

नमुने गोळा करताना डहाणूच्या किनाऱ्यालगतची वाहने आणि तलासरीच्या अंतर्भागातील वाहने असे दोन गट करावेत, प्रत्येकात मोकळी व बंद वाहने निराळी नोंदवावीत, आणि निर्मितीचे वर्ष, तंतूचा प्रकार व रंग यांची टिपणे ठेवावीत. तुटण्याच्या बलाबरोबरच तुटेपर्यंतचा ताणही मोजावा, कारण पट्टा किती ऊर्जा शोषतो हे दोहोंवर अवलंबून असते. अशा अभ्यासातून निघालेला एखादा साधा आलेखही, किती वर्षांत किती बल उरते हे दाखविणारा, परदेशी चिठ्ठीवरील मुदतीपेक्षा येथील वाहनधारकास अधिक पटेल. तोपर्यंत ती चिठ्ठीच प्रमाण मानणे सूज्ञपणाचे ठरेल.